बलू आणि त्याचे नऊ भाऊ

देवनागरीत तो नुसता बलू. गुजरातीत बलू भाई, बंगालीत बलू दा, गुरुमुखीत बलू पाजी, ओडियात बलू भाइना. मल्याळममध्ये बलू चेट्टन, तमिळमध्ये बलू तंबी, कन्नडमध्ये बलू तम्मा, तेलुगूत बलू तम्मुडू आणि उर्दूसाठी अरबी लिपीत बलू भाईजान. ही दहा नावे दहा फॉन्टची आहेत आणि दहाही जण एकाच घरचे. नावापुढचा शब्द त्या त्या भाषेत भावाला हाक मारायचा, कुठे थोरल्याला तर कुठे धाकट्याला. मुंबईतल्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने गेल्या दशकाच्या मध्यावर हे कुटुंब घडवले. अक्षरे जाड, गोलसर, कुठेही न टोचणारी आणि किंचित खोडकर. पानभर मजकुरासाठी ती नाहीत. मथळे, पाट्या, मुखपृष्ठे, वेष्टने आणि फलक हे त्यांचे क्षेत्र.

पाहणाऱ्याला ही अक्षरे अगदी सहज सुचल्यासारखी वाटतात. लहान मुलाने जाड खडूने काढावीत आणि मोठ्या माणसाने ती जरा नीट करून घ्यावीत, इतकी सहज. प्रत्यक्षात अक्षर एकाच वेळी जाड, मऊ आणि वाचनीय ठेवणे हे अक्षररचनेतले फार जिकिरीचे काम आहे, आणि देवनागरीत तर ते रोमनच्या कितीतरी पट जिकिरीचे.

आधी नावाची गोष्ट. बलू हे रुडयार्ड किपलिंगच्या 'द जंगल बुक'मधले अस्वल. पुस्तक १८९४ चे, आणि त्यातली मोगलीची कथा घडते मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरांत. मूळ पुस्तकातला बलू फारसा खेळकर नाही. लांडग्यांच्या पिल्लांना जंगलचा कायदा शिकवणारा तो मास्तर आहे आणि मोगलीवर प्रसंगी हातही उगारतो. ढेरपोट्या, नाचरा, बेफिकीर बलू आला तो डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटातून. पुढे दूरदर्शनवर आलेल्या जपानी मालिकेने ते नाव आपल्याकडे घरोघरी पोचवले. फॉन्टच्या अंगी मुरला आहे तो मास्तर बलू नव्हे, नाचरा बलू. किपलिंगचा जन्म मुंबईचा, हा एक गमतीचा योगायोग. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली सर जे. जे. कला विद्यालयात शिकवायला आले आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला रुडयार्डचा जन्म झाला. याच जे. जे.च्या आवारात पुढे उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अक्षरलेखनाचे धडे गिरवले.

गोल आकार आपल्याला मायाळू का वाटतो, याचा शोध मात्र अक्षरांच्या दुनियेबाहेर लागला. वोल्फगांग कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दोन आकृत्या दिल्या, एक टोकदार आणि एक फुगीर वळणांची. सोबत 'ताकेते' आणि 'बालुबा' ही दोन निरर्थक नावे. कुठले नाव कुठल्या आकृतीचे, हा प्रश्न. बहुतेक लोक जराही न अडखळता फुगीर आकृतीला बालुबा म्हणतात. पुढच्या आवृत्तीत कोहलरने बालुबाचे 'मालुमा' केले, पण निकाल बदलला नाही. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ साली 'बूबा' आणि 'किकी' ही नावे घेऊन हाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा सुमारे ९५ टक्के लोकांनी गोल आकृतीला बूबा ठरवले. 'बलू' हा उच्चारही त्याच जातीचा आहे, हे फॉन्टचे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात असो वा नसो. २००६ साली मोशे बार आणि माइटल नेटा यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंची चित्रे लोकांना दाखवली. एकाच वस्तूची एक टोकदार आवृत्ती, एक गोलसर. पसंती गोलसर आवृत्त्यांना मिळाली. टोक दिसले की मेंदू नकळत धोक्याची नोंद घेतो, असा त्यांचा तर्क होता. पाट्या रंगवणाऱ्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते, पण प्रयोगाने ते पक्के झाले एवढे खरे.

रोमन लिपीत गोल टोकांची अक्षरे सौंदर्यदृष्टीच्या आधी हत्यारांतून आली. धातूच्या पट्टीवर फिरत्या कटरने अक्षर कोरले की रेघेचे टोक गोलच उमटते, कारण कटरच गोल. अभियंते नकाशांवर ज्या नळीदार निबच्या पेनांनी अक्षरे काढत, त्यांचेही तेच. निऑनच्या दिव्यांची काचनळीही गोल वळणांतच वळते. या कामचलाऊ गोलाईला हौसेचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७० साली बॉब न्यूमनने लेट्रासेट या कंपनीसाठी 'फ्रँकफर्टर' हा टाइप काढला. लेट्रासेटच्या पारदर्शक तक्त्यांवरची अक्षरे कागदावर घासून उमटवता येत, आणि जाहिरातींच्या कचेऱ्यांत हे तक्ते सर्रास असत. फ्रँकफर्टर नावाप्रमाणेच सॉसेजसारखा, फुगलेला आणि दोन्ही टोकांना गुळगुळीत. १९७९ साली फोक्सवागन या मोटार कंपनीसाठी 'व्हॅग राउंडेड' तयार झाला. तो जरा शिस्तीचा, पण टोके तशीच गोल. पुढे ॲपलच्या संगणकांच्या कळफलकांवर बरीच वर्षे हीच अक्षरे होती.

गोल अक्षरांचे मोटारीशी आणखी एक नाते आहे. आज पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक अक्षराची कड ज्या गणिती वक्रांनी बांधलेली असते, त्यांना बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हा रेनो कंपनीतला अभियंता. सिट्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जोने तेच गणित स्वतंत्रपणे शोधले होते. दोघांनाही गाडीचा पत्रा कुठल्या वळणाने वाकवायचा, ते आकड्यांत सांगायचे होते. थोडे बिंदू द्यावेत आणि त्यांतून गुळगुळीत वळण निघावे, ही ती युक्ती. बलूची ढेरी याच युक्तीने वळली आहे.

देवनागरीचा इतिहास वेगळा. तिचे वळण ठरवले बोरूने. रोमनसाठी टाकाचे टोक ज्या बाजूला तिरके कापतात, त्याच्या उलट बाजूला देवनागरीचा बोरू कापतात. त्यामुळे रेघ कुठे जाड व्हायची आणि कुठे बारीक, याची गणितेही वेगळी. छपाई आली तेव्हा हेच वळण शिशाच्या खिळ्यांत उतरले. जावजी दादाजी चौधरी यांच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाइपाचा असा दर्जा गाठला की संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या आजही त्या नावाने ओळखल्या जातात. पण हे सगळे वैभव ग्रंथांच्या मजकुराचे. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरली की देवनागरीच्या एका टाइपाला शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. प्रत्येक खिळ्यासाठी पोलादावर ठसा कोरायचा, मातृका करायची, मग ओतकाम. एवढा खर्च करून कोणी खोडकर अक्षरे का पाडील? शिशाच्या जमान्यात देवनागरी टाइप गंभीर राहिला, त्यामागे अभिरुचीइतकाच हिशेबही होता. या सगळ्या खटाटोपाची तपशीलवार नोंद बापूराव नाईक यांनी करून ठेवली आहे. त्यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. या विषयात शिरणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही.

मग गंमत करणारी अक्षरे गेली कुठे? ती ब्रशकडे गेली. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे, ट्रकांच्या पाठी, नाटकांच्या जाहिराती. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची आणि मासिकांची शीर्षके अशी काढली की नाटकाचा रंग अक्षरांतूनच कळावा. फार्स असेल तर अक्षरे धडपडतात, भयनाट्य असेल तर त्यांना तडे जातात. जाड, गुबगुबीत, डोलणारी देवनागरी मराठी वाचकाने फॉन्टच्या कितीतरी आधी वर्तमानपत्रांच्या जाहिरात-पानांवर पाहिली होती.

हस्तलिखित शीर्षक आणि फॉन्ट यांत मात्र एक मूलभूत फरक आहे, आणि मला वाटते सगळी मेख तिथेच आहे. शीर्षक काढणाऱ्याला शब्द आधी माहीत असतो. चार-पाच अक्षरे, त्यांची शेजारशेजारची भांडणे, कुठे जागा उरते आणि कुठे कमी पडते, हे सगळे समोर असते. त्या एका शब्दापुरती तो हवी ती तडजोड करतो. एखादी वेलांटी ताणतो, एखादा उकार अक्षराच्या पोटात सरकवतो. फॉन्ट करणाऱ्याला शब्दच माहीत नसतो. उद्या कोण कुठे काय टंकणार, याचा पत्ता नाही. 'आंबा' लिहिले जाईल तसेच 'उद्ध्वस्त'ही लिहिले जाईल, आणि दोन्ही वेळा तोच मऊपणा आणि तोच काळेपणा हवा.

संगणकाच्या पहिल्या काळात, सी-डॅकच्या आणि श्री-लिपीसारख्या प्रणालींमुळे शीर्षकांसाठी बऱ्याच तऱ्हेची अक्षरे मराठीत आली, पण प्रत्येक प्रणालीचे संकेतांक निराळे. एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हे दिसत. सगळ्या यंत्रांसाठी एकच संकेतांक ठरवणाऱ्या युनिकोडने हा घोळ मिटवला. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीबरोबर जगभर गेला आणि मराठी कुठेही वाचता येऊ लागली. वाचता येऊ लागली खरी, पण मथळा सजवायचा तर युनिकोडमध्ये निवडीला फार थोडे होते. २०१० साली सुरू झालेल्या गुगल फॉन्ट्सने भारतीय लिप्यांसाठी मोकळ्या परवान्याचे फॉन्ट उपलब्ध करायला घेतले, त्या लाटेत ही उणीव भरू लागली. 'एक टाइप'चा 'मुक्त' हा साधा, मजकुरासाठीचा फॉन्ट याच काळातला. बलू त्याच्या मागोमाग. बलूची देवनागरी सारंग कुलकर्णी यांची, बंगाली नूपुर दात्ये आणि सुलेखा राजकुमार यांची. फॉन्टच्या तांत्रिक जुळणीची बाजू पाहणारे गिरीश दळवी पवईच्या आयआयटीत, औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवतात. र. कृ. जोशीही तिथेच शिकवत असत.

आता प्रत्यक्ष अक्षराकडे. रेघ जाड करायची म्हणजे ती दोन्ही बाजूंनी फुगवायची. बाहेर फुगली तर अक्षर रुंद होते, आत फुगली तर अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते. रोमनच्या कॅपिटल 'ओ'ला हे चालून जाते. त्याच्या पोटात भरपूर जागा. देवनागरीचा 'ग' किंवा 'र'ही तसा सुटसुटीत. पण 'ष' घ्या. त्याच्या पोटातून एक तिरकी रेघ जाते. 'क्ष' घ्या, 'ज्ञ' घ्या, 'द्ध' घ्या, 'ष्ठ' घ्या. अक्षराला मिळणारी उंची 'ग'ला आहे तेवढीच, आणि रेघा दुप्पट-तिप्पट. जाडी सगळीकडे सारखी ठेवली तर 'ष्ठ'चा काळा गोळा होईल. म्हणून जाड फॉन्टमध्ये रेघांची जाडी कधीच खरोखर सारखी नसते, ती सारखी भासवलेली असते. गर्दीच्या अक्षरांत रेघ बारीक घेतात आणि मोकळ्या अक्षरांत जाड. दोन रेघा जिथे मिळतात, उदाहरणार्थ 'व'चे पोट जिथे दंडाला टेकते, तिथे काळोख साचतो, म्हणून तिथे रेघ आधीच निमुळती करतात. समान जाडीच्या दोन रेघांत आडवी डोळ्याला उभीपेक्षा जाड दिसते, म्हणून आडवी थोडी कमी ठेवायची. गोल टोक सपाट टोकापेक्षा आखूड दिसते, म्हणून ते रेषेच्या किंचित पलीकडे न्यायचे. पट्टी लावून मोजले तर प्रत्येक अक्षर चुकलेले निघेल. डोळ्याने पाहिले तर बरोबर.

मऊपणाचा एक धोका असा की तो फरक पुसतो. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' या जोड्यांमध्ये भेद दाखवणारी गोष्ट किती छोटी! वर एक खंड, एक गाठ. बारीक फॉन्टमध्ये ती स्पष्ट दिसते. जाड आणि गोल फॉन्टमध्ये गाठ फुगून शिरोरेषेला चिकटली की 'धन' आणि 'घन' सारखेच. 'ख' हा 'रव' असा वाचला जातो, हा जुना वाद इथे पुन्हा उभा राहतो. अशा जागी गोलाईचा हट्ट थोडा सोडावा लागतो.

देवनागरी तीन मजल्यांवर राहते. मधे अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. 'मूर्तींत' हा साधा शब्द पाहा. 'मू'चा उकार खाली आणि 'र्तीं'वर वेलांटी, रफार आणि टिंब असे तिघे. या तिघांना जाड रेघेत एकाच खोलीत बसवायचे. वर जागा वाढवावी तर ओळींमधले अंतर वाढते, म्हणून ते एकमेकांत गुंफून एकच नवे चिन्ह करतात. पहिल्या वेलांटीची तऱ्हा आणखी निराळी. तिची कमान अक्षराच्या दंडापर्यंत पोचायला हवी. 'कि'ला लागणारी कमान 'त्सि'ला पुरत नाही, आणि 'त्सि'ची कमान 'रि'वर घातली तर ती हवेत लोंबते. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी एक नसते. वेगवेगळ्या लांबीच्या अनेक असतात, आणि पुढे येणाऱ्या अक्षराची रुंदी पाहून योग्य ती आपोआप निवडली जाते. टंकणाऱ्याला याची गंधवार्ताही नसते, आणि तसेच असायला हवे.

आणि शिरोरेषा. गोल टोकांच्या फॉन्टची ती खरी परीक्षा. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा रेषेचा तुकडा बरोबर घेऊन येते. तो तुकडा दोन्ही बाजूंना गोल केला तर शब्द लिहिताना दोन अक्षरांच्या मधे खाच पडते. सपाट केला तर शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटाला रेघ कापल्यासारखी दिसते, मग मऊपणा कुठला? यावरचा एक उपाय म्हणजे प्रत्येक तुकडा अक्षराच्या हद्दीपलीकडे किंचित वाढवायचा. शेजारच्या अक्षराचा तुकडा त्याच्यावर चढतो, खाच झाकली जाते, आणि शब्दाच्या दोन टोकांना मात्र गोलाई शिल्लक राहते. फ्लेक्सच्या दुकानात अशा अक्षरांना नुसती कड काढून आतला भाग मोकळा ठेवला की शब्दभर शिरोरेषेवर बारीक चंद्रकोरी उमटलेल्या दिसतात. त्या याच चढलेल्या तुकड्यांच्या. अक्षरे आधी एकसंध करून घेतली तर हे टळते, पण मंडळाच्या फलकाची घाई असते तेव्हा तेवढी सवड कोणाला?

मराठी वाचकाने शीर्षकाचा कुठलाही फॉन्ट घेताना आपली म्हणून काही अक्षरे तपासून पाहावीत. देवनागरी एकच असली तरी 'ल', 'श' यांची मराठी वळणे हिंदी छपाईतल्या वळणांहून वेगळी, आणि राज्य शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवताना ती नोंदवलीही आहेत. 'ळ' नीट आहे का? 'ॲ' आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' हे शब्द टंकून पाहावेत. तो आडवा अर्धा 'र' काढणे ज्या फॉन्टला जमत नाही, तो कितीही गोड दिसला तरी मराठीच्या कामाचा नाही.

दहा भावांकडे परत येऊ. एका लिपीतले जाड-गोल रूप दुसरीत नेणे म्हणजे नक्कल नव्हे. देवनागरीचे तुकडे कापून गुजराती जुळवली तर ती शिरोरेषा खुडलेली देवनागरी होते, गुजराती होत नाही. बंगालीचा स्वभाव त्रिकोणी. तिच्या अक्षरांत टोकदार कोपरे हेच ओळखीचे लक्षण, त्यामुळे तिथे गोल करताना किती करावे हा प्रश्न सतत समोर. ओडिया, कन्नड, तेलुगू, मल्याळम मुळातच गोल. ताडपत्रावर टोकदार लेखणीने सरळ आडवी रेघ ओढली तर पान शिरेबरोबर फाटते, म्हणून या लिप्या वळणावळणाच्या झाल्या, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. या लिप्यांना बलूची गोलाई शिकवावी लागत नाही. अडचण नेमकी उलटी. सगळेच गोल असताना एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळे ठेवायचे कसे? देवनागरीत गोलाई आणण्याचे काम, तर मल्याळममध्ये तिला आवर घालण्याचे.

रोमन अक्षरे दहाही फॉन्टमध्ये आहेत. त्यांतही एक खुबी आहे. रोमनच्या लहान 'एन', 'एम', 'आर' यांत उभी रेघ कमानीला मिळते तिथे वरच्या बाजूला छोटे टोक उरते. बलूच्या रोमनमध्ये ते टोकच नाही. उभी रेघ सरळ कमानीत वळते. देवनागरीशेजारी रोमन शब्द आला की तो बहुधा परक्यासारखा दिसतो. इथे दोघे एकाच हाताने काढल्यासारखे वाटतात, त्यात या छोट्या निर्णयाचा वाटा मोठा. एकाच वेष्टनावर मराठी, इंग्रजी, तमिळ आणि बंगाली नावे छापणाऱ्या उद्योगाला याचे मोल लगेच कळते. चारही नावे सारखीच काळी आणि सारख्याच आवाजात बोलली पाहिजेत, नाहीतर एक भाषा ओरडते आणि दुसरी कुजबुजते.

जाडपणाची हद्द कुठवर नेता येईल, हे पाहायचे असेल तर याच गटाचा 'मोदक' पाहावा. देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. बलू गुबगुबीत आहे, मोदक तट्ट फुगलेला. इथे अक्षराच्या पोटात पोकळी अशी उरलेलीच नाही. तिच्या जागी केसासारखी पांढरी रेघ आहे, आणि तेवढ्या रेघेवरून डोळ्याने अक्षर ओळखायचे. 'अ' कुठला आणि 'झ' कुठला हे काळ्या आकारावरून कळत नाही, त्या पांढऱ्या चिरेवरून कळते. मला हा फॉन्ट बलूपेक्षा धाडसी वाटतो, आणि तितकाच कमी उपयोगाचा. हाताएवढे अक्षर असेल तरच त्याला रंग चढतो. लहान केला की चिरा मिटतात आणि शब्द नुसता डागांची माळ होतो.

बलूलाही लहान आकार मानवत नाही, पण तो बराच समजूतदार आहे. पहिल्या आवृत्तीत त्याची एकच जाडी होती. काही वर्षांनी 'बलू २' आला तेव्हा साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच जाड्या मिळाल्या. पातळ बलू पाहताना थोडे चमत्कारिक वाटते, उपाशी अस्वलासारखे, पण उपशीर्षकांना आणि मुलांच्या पुस्तकांतल्या दोन-तीन ओळींच्या मजकुराला तो चालतो. दोन व्यावहारिक गोष्टी. एक, या फॉन्टला वर-खाली भरपूर जागा दिलेली आहे, कारण उकार आणि रफार कापले जाऊ नयेत. त्यामुळे पडद्यावरच्या एखाद्या बटणावर किंवा पट्टीवर अक्षरे मध्यभागी दिसत नाहीत आणि नव्या माणसाला वाटते की फॉन्टच बिघडला. दोन, अक्षरांमधले अंतर हाताने वाढवू नये. रोमनला ते शोभते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा कणा मोडतो. आणि तिसरी गोष्ट फॉन्टविषयी नव्हे, आपल्याविषयी. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरे असल्या हसऱ्या वळणात छापलेला फलक चौकात पाहिला की दिवंगताविषयी वाईट वाटायच्या आधी हसू येते. प्रत्येक अक्षराला प्रत्येक प्रसंगी बोलावू नये.

हे सगळे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात. कोणीही ते विनामूल्य उतरवून घ्यावेत, छापावेत, उत्पादनावर वापरावेत. मूळ फाइली उघडून त्यांत बदल करायलाही मोकळीक आहे. अटी थोड्या आहेत. फॉन्ट नुसता, सुटा विकायचा नाही, आणि बदलून पुढे दिलेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यायचा. म्हणजे कुटुंबाचे दार उघडे आहे. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली संथाळीसाठी रचलेली ओल चिकी आणि मणिपुरीची मैतेई मयेक या दोन लिप्यांत अजून बलू नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या या दोन भाषांना जाड, गोल, हसऱ्या मथळ्याची गरज इतरांइतकीच आहे, आणि त्यासाठी लागणारा बहुतेक कच्चा माल कोणालाही हात घालता येईल असा समोर पडलेला आहे.